सूचक, अनुमोदक आणि बाकीचे

सभेत ठराव मंजूर व्हायला चार गोष्टी लागतात: पुरेशी माणसे, एक सूचक, एक अनुमोदक आणि विरोधात पडलेल्या मतांपेक्षा निदान एक जास्त मत. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभेत यांतली पहिली गोष्ट जमवता जमवता अर्धा तास जातो, दुसरी आणि तिसरी सेक्रेटरीने आदल्या रात्रीच कच्च्या वहीत लिहून ठेवलेली असते आणि चौथी मोजण्याची वेळ सहसा येत नाही. नियम मात्र चारही गोष्टींचे आहेत आणि बारकाईने केलेले आहेत. कारण सभाशास्त्र सद्गुणी माणसांसाठी लिहिले गेलेलेच नाही. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक नियमामागे पूर्वी कुणीतरी केलेली एखादी चलाखी असते. नियम नीट वाचला की ती चलाखी ओळखता येते आणि सभेला हजर राहिले की तिची सुधारित आवृत्ती पाहायला मिळते.

हे शास्त्र पुस्तकात बांधणारा सर्वांत प्रसिद्ध लेखक वकील नव्हता, लष्करी इंजिनिअर होता. १८६३ साली अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड गावी हेन्री मार्टिन रॉबर्ट याला चर्चमधल्या एका सभेचे अध्यक्षपद अचानक मिळाले आणि सभा त्याच्या हाताबाहेर गेली. पुन्हा सभेला जायचे तर नियम शिकूनच, असे त्याने ठरवले आणि १८७६ साली ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर’ हे पुस्तक पदरचे पैसे घालून छापले. भारतात ही विद्या त्याच्या पुष्कळ आधीची. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आठवण करून दिली होती की, बौद्ध भिक्षुसंघांना ठराव, गणसंख्या, मतमोजणी आणि गुप्त मतदान हे सगळे माहीत होते. कमी पडलेली संख्या भरून काढणाऱ्या भिक्षूला तर ‘गणपूरक’ असे नावच होते. घरदार आणि मालमत्ता सोडून बाहेर पडलेल्या माणसांनाही मतमोजणीचे नियम लागले. मग ज्यांना फ्लॅटही आहे आणि पार्किंगही हवे आहे त्यांना ते किती लागत असतील, याचा अंदाज करता येतो.

क्रमाने पहिला नियम सूचनेचा. आदर्श उपविधींनुसार वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी आणि विशेष सभेची पूर्ण पाच दिवस आधी द्यावी लागते आणि तिच्यात विषयपत्रिका असावी लागते. विरोध करणारा सभासद गावाला गेला की घाईघाईने सभा उरकण्याची पद्धत जगात सर्वत्र असावी, म्हणून हा नियमही सर्वत्र आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. सहा महिन्यांच्या या मुदतीचा पुरेपूर मान राखून पुष्कळ संस्था सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सभा घेतात. नोटीस फलकावर लागते, लिफ्टमध्ये लागते, व्हॉट्सॲपवर येते आणि बहुधा शेवटून वाचली जाते, कारण शेवटचा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ हा असतो. ज्या गोष्टीला रीतसर नोटीस लागते ती ऐनवेळी घेता येत नाही, असे नियम सांगतो. तरी हिशेब, लेखापरीक्षण अहवाल आणि अंदाजपत्रक लोक धीराने ऐकून घेतात ते या शेवटच्या विषयाच्या आशेवर. कुत्री, कुंड्या, वॉचमनची झोप आणि पाहुण्यांच्या गाड्या यांचा निवाडा तिथे व्हायचा असतो.

दुसरा नियम गणसंख्येचा, म्हणजे कोरमचा. लोकसभेला एकूण सदस्यांचा दहावा हिस्सा, म्हणजे ५४३ मधले ५५ हजर असले की पुरते. गृहनिर्माण संस्थेला एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांतली जी संख्या कमी असेल ती लागते. पंधरा सभासदांच्या इमारतीला दहा माणसे जमवावी लागतात, तीस सभासदांच्या इमारतीला वीस आणि तीनशे सभासदांच्या संकुलालाही वीसच. मोठ्या संकुलात राहण्याचा हा फायदा बिल्डरच्या जाहिरातीत येत नाही. मूठभरांनी परस्पर ठराव करू नयेत, हा नियमाचा हेतू. पण पुढे अशीही सोय आहे की, ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात गणसंख्या भरली नाही तर सभा तहकूब करावी आणि नोटिशीत तसे लिहिले असेल तर त्याच दिवशी उशिराने, नाहीतर सात ते तीस दिवसांच्या दरम्यान ती पुन्हा भरवावी. तहकूब सभेला गणसंख्येची अट नाही. म्हणून नोटिशीच्या तळाशी तहकूब सभा त्याच दिवशी, त्याच जागी, अर्ध्या तासाने होईल असे आधीच छापलेले असते आणि सभासद तीच वेळ खरी धरतात. दहाच्या सभेला दहा वाजता आलेला सभासद नुकताच राहायला आलेला असतो. अपवाद एकच. सभासदांनी स्वतः अर्ज करून मागितलेली सभा गणसंख्येअभावी तहकूब होत नाही, विसर्जितच होते. एक पंचमांश सभासदांनी सह्या करून सभा मागायची आणि त्या दिवशी घरी बसून मॅच बघायची, हा प्रकार कायदा करणाऱ्यांच्या पाहण्यात आला असावा.

गणसंख्या झाली की ठराव मांडायचा. रॉबर्टच्या पद्धतीत आधी ठराव आणि मग चर्चा हा क्रम कडक आहे. मराठी सभेत आधी चर्चा होते, मग भांडण, मग चहा आणि ठराव पुढच्या आठवड्यात इतिवृत्तात होतो. सूचकाने ठराव मांडायचा आणि अनुमोदकाने दुजोरा द्यायचा, यामागचा विचार असा की, एकाच माणसाच्या डोक्यातल्या कल्पनेवर सगळ्यांचा वेळ जाऊ नये. निदान दुसऱ्या एकाला तरी ती बोलण्याजोगी वाटावी. रॉबर्टच्या मते अनुमोदन म्हणजे पाठिंबा नव्हे. ठराव चर्चेला यावा, एवढेच अनुमोदक म्हणत असतो आणि पुढे त्याने विरोधात मत दिले तरी चालते. ही मुभा इथे फारशी वापरली जात नाही, कारण आपण अनुमोदक होतो हे संबंधित सभासदाला इतिवृत्त हाती आल्यावर कळते. प्रत्येक संस्थेत असे दोन-तीन सभासद असतात की, ज्यांची नावे सूचक-अनुमोदक म्हणून वर्षानुवर्षे आलटून पालटून येतात. ते पुढच्या रांगेत बसतात, कधी बोलत नाहीत आणि त्यांची आडनावे लिहायला सोपी असतात.

चर्चेचे नियम तीन: अध्यक्षांना उद्देशून बोलावे, विषयाला धरून बोलावे आणि आपले झाले की इतरांना बोलू द्यावे. रॉबर्टने एका ठरावावर एका माणसाला एका दिवसात दोन भाषणे, प्रत्येकी दहा मिनिटे, अशी मर्यादा घातली. शिवाय ज्याने अजून तोंड उघडलेले नाही त्याला बोलायचे असेल तर दुसऱ्याचे दुसरे भाषण थांबवले. गृहनिर्माण संस्थेत सगळे विषय फिरून गळतीला येऊन मिळतात. ठराव लेखापरीक्षक नेमण्याचा असो की गणेशोत्सवाच्या वर्गणीचा, वरच्या बाथरूममधून झिरपणारे पाणी त्यात उतरतेच. अध्यक्षांना उद्देशून बोलण्याचा नियम मात्र शब्दशः पाळला जातो. ‘अध्यक्ष महाराज, चादरी खाली कोण झटकतं ते जरा विचारून घ्या,’ असे म्हणताना बोलणारा बघत असतो तिसऱ्या मजल्यावरच्या सभासदाकडे, पण उद्देशून अध्यक्षांनाच. दोघांत थेट जुंपू नये म्हणून हा नियम झाला. वळसा घालून आलेला शब्द जास्त लागतो, हे तो करणाऱ्यांच्या लक्षात आले नसावे.

चर्चा थांबवण्याचाही रीतसर ठराव असतो. त्याला रॉबर्ट साधे बहुमत पुरेसे मानत नाही, दोन तृतीयांश मते मागतो, कारण त्याने अल्पमतातल्यांचा बोलण्याचा हक्क काढून घेतला जातो. महाराष्ट्रात हे काम बटाटेवडे करतात. ट्रे दारात दिसला की कोणताही विषय दोन तृतीयांशांहून मोठ्या बहुमताने संपतो आणि अल्पमतातले सर्वांत आधी उठतात.

नियम मोडला जात असेल तर सभासदाला मध्येच हरकतीचा मुद्दा मांडता येतो आणि अध्यक्षांना तो तिथल्या तिथे निकालात काढावा लागतो. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये मतविभागणी चालू असताना हरकत घ्यायची तर सदस्याने जागेवर बसून आणि डोक्यावर हॅट घालून बोलावे, अशी रीत होती. उठाबशी करणाऱ्या गर्दीत तो सभापतींना दिसावा, हा उद्देश. हॅटची फॅशन गेली, रीत राहिली. म्हणून सभागृहात दुमडणारी हॅट मुद्दाम ठेवलेली असे आणि ती हरकतवाल्यापर्यंत पोचवली जाई. १९९८ साली हा प्रकार बंद झाला. गृहनिर्माण संस्थेत हरकत घ्यायला उपविधींची पुस्तिका लागते. ती एकाच सभासदाकडे असते, तो निवृत्त असतो आणि पानापानांत चिठ्ठ्या घातलेली ती पुस्तिका त्याने नुसती उघडली तरी कमिटी ताठ बसते.

ठरावात बदल सुचवणे म्हणजे उपसूचना. समजा, ‘इमारतीला बाहेरून पिवळा रंग द्यावा’ असा ठराव आला. कुणी म्हणाले, ‘पिवळा’च्या जागी ‘फिकट पिवळा’ घाला. ही उपसूचना. दुसऱ्याने ‘फिकट’च्या आधी ‘अगदी’ घालायला सांगितले. ही उपसूचनेची उपसूचना. रॉबर्टने तिसरी पायरी बंद केली, नाहीतर सभा चर्चा करत करत पांढऱ्यापर्यंत गेली असती. मते उलट्या क्रमाने घ्यायची: आधी ‘अगदी’, मग ‘फिकट’, मग रंग. हा क्रम चुकला तर सभा रंग मंजूर करून मोकळी होते आणि मग कोणता रंग मंजूर झाला यावर भांडते. उपसूचनेने ठरावाचा नुसता नकार होता कामा नये, असे लोकसभेचे नियमही सांगतात. ‘द्यावा’च्या जागी ‘देऊ नये’ ही दुरुस्ती चालत नाही. ज्याला रंग नको त्याने सरळ विरोधात मत द्यावे. पण विरोधातले मत सगळ्यांना दिसते. म्हणून ज्याला वर्गणी द्यायची नाही तो सभासद कधीही विरोध करत नाही. तो तीन कोटेशने मागवावीत म्हणतो, मग उपसमिती नेमावी म्हणतो, मग पावसाळा संपू द्यावा म्हणतो. पावसाळा संपतो तेव्हा कोटेशनांची मुदत संपलेली असते.

यानंतर प्रत्यक्ष मतदान. सर्वांत स्वस्त पद्धत आवाजाची. स्पार्टामध्ये ज्येष्ठांच्या मंडळाची निवड अशीच होई. उमेदवार एकेक करून लोकांपुढून जात आणि जवळच्या बंद घरात बसलेले परीक्षक, बाहेर कोण चालले आहे हे न पाहता, कोणत्या खेपेला ओरडा मोठा झाला ते ठरवत. ॲरिस्टॉटलने या निवडीच्या पद्धतीला पोरकट म्हटले. लोकसभेत आवाजी मतदान अजून आहे, पण त्याला उतारा ठेवलेला आहे. अध्यक्षांनी आवाजावरून दिलेल्या निर्णयाला कुणी आव्हान दिले की मतविभागणी होते. साडेतीन मिनिटे घंटा वाजते, दारे बंद होतात आणि बटणे दाबून मते पडतात. होकाराला हिरवा दिवा, नकाराला लाल, तटस्थाला पिवळा. ओरडायला चार जण पुरतात, मोजायला सगळे लागतात, ही गोष्ट त्या घंटेने मान्य केलेली असते.

सभा लहान असली की हात वर करणे सोयीचे. स्वित्झर्लंडच्या आपेन्झेल इनररोडेनमध्ये तर अख्ख्या कॅन्टनची सभा चौकात भरते आणि हात वर करून निर्णय होतात. मतदार असल्याची खूण म्हणून पुरुषांना कमरेची तलवार चालते. बायकांचे हात मोजायला मात्र तिथे १९९० साली सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. या पद्धतीचा दोष असा की, हात कोणाचा हे दिसते. ज्याच्या गळतीचा अर्ज कमिटीकडे पडून आहे, तो सभासद कमिटीच्या ठरावावर आधी आजूबाजूला बघतो आणि मग हात खांद्यापर्यंत नेऊन केस सारखे करतो. असा हात कोणत्या बाजूला मोजायचा, याबद्दल उपविधी गप्प आहेत.

त्यावर उपाय चिठ्ठीचा. भिक्षुसंघात रंगीत शलाका, म्हणजे काड्या, वाटून मते घेत आणि त्याच्या तीन पद्धती होत्या: गुप्त, कानात कुजबुजून आणि उघड. गुप्त पद्धतीत आणखी एक तरतूद होती. धर्माविरुद्ध असलेल्या पक्षाचे बहुमत दिसले, तर शलाका वाटणाऱ्याने मते नीट घेतली गेली नाहीत असे म्हणून ते मतदान रद्द करावे. आधुनिक संस्थांनी विनयपिटक या भिक्षूंच्या नियमग्रंथाचा बाकी भाग वाचलेला नसला तरी एवढा आत्मसात केलेला दिसतो.

प्रत्यक्षात मात्र सर्वाधिक ठराव गप्प राहून मंजूर होतात. भिक्षुसंघातही मौन ही संमती मानली जाई, पण महत्त्वाच्या कामात त्याआधी प्रस्ताव तीनदा विचारला जाई. इथे ‘सगळ्यांना मान्य आहे ना?’ हे वाक्य पुरे होईपर्यंत पुढचा विषय वाचायला घेतलेला असतो आणि वहीत ‘सर्वानुमते मंजूर’ उमटलेले असते. पोलंडच्या संसदेने सर्वानुमताचा अर्थ मनावर घेतला होता. १६५२ साली एका प्रतिनिधीच्या विरोधाने तिथले अधिवेशन मोडले, पुढे तशी सवयच पडली आणि १७९५ पर्यंत शेजाऱ्यांनी तो देश वाटून घेतला. कारणे आणखीही होती, पण ही त्यांत होती. मराठी सभांनी त्यापेक्षा सोयीचा मार्ग काढला. इथे विरोध करणारा बोलत असतानाच ठराव सर्वानुमते होतो.

मोजायची वेळ आलीच, तर बहुमत म्हणजे हजर राहून मत देणाऱ्यांचे बहुमत. साठ सभासदांच्या संस्थेत पंचवीस आले, अकरांनी हो म्हटले, दहांनी नाही म्हटले आणि चार जण फोनवर बोलत होते, तर ठराव मंजूर. घरी बसलेले पस्तीस आणि फोनवरचे चार हे वर्षभर ‘आम्हाला कुणी विचारलंच नाही’ असे म्हणत राहतात. काही बाबतींत साधे बहुमत पुरत नाही. उपविधी बदलायला मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात. पुनर्विकासाच्या सभेसाठी शासनाच्या २०१९ च्या सूचनांनी दोन तृतीयांश सभासदांची हजेरी मागितली आणि सभेचे चित्रीकरणही सांगितले. एरवी खालच्या मजल्यावर सभेला न उतरणारे सभासद या एका सभेला परगावाहून येतात, इस्त्रीचे कपडे घालून येतात आणि कॅमेऱ्याकडे बघून बोलतात.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे एका सभासदाला एकच मत असते. तीन फ्लॅट घेतलेल्यालाही एकच, ही गोष्ट तीन फ्लॅट घेतलेल्याला दर वर्षी नव्याने सांगावी लागते. मत स्वतः हजर राहून द्यायचे असते, मुखत्यारामार्फत नाही. संयुक्त नावावर फ्लॅट असेल तर भागपत्रावर ज्याचे नाव पहिले तो हजर असताना मत त्याचे. तो नसेल तर दुसऱ्या नावाचे. घरातले सगळे निर्णय दुसरे नाव घेत असले, तरी सभेत हात पहिल्याच नावाने वर करायचा असतो. शेजारी बसलेल्या दुसऱ्या नावाने कोपर मारून तो वर करवला, तर ते मत वैध धरतात.

मते समसमान पडली तर अध्यक्षांना निर्णायक मत असते. लोकसभेचे अध्यक्ष एरवी मतच देत नाहीत, बरोबरी झाली तरच देतात. ब्रिटनमध्ये डेनिसन या सभापतीच्या काळापासून असा संकेत आहे की, असे मत शक्य तिथे चर्चा पुढे चालू राहील अशा बाजूने द्यावे. जिथे बहुमत नाही तिथे सभापतीने ते निर्माण करू नये. गृहनिर्माण संस्थेच्या अध्यक्षाला सभासद म्हणूनही एक मत असल्याने तो बरोबरी आधी घडवू शकतो आणि मग मोडू शकतो. चर्चा पुढे चालू राहावी, अशी मात्र त्याची कधीच इच्छा नसते. एका मताने काय होते, हे १७ एप्रिल १९९९ रोजी देशाने पाहिले. वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मते पडली. ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले गिरिधर गमांग यांनी खासदारकी अजून सोडलेली नव्हती आणि त्यांनीही त्या दिवशी मत दिले. मुख्यमंत्र्याने यावे का यावर वाद झाला. नियमात मात्र ते बसत होते.

ठराव झाला तरी तो कायमचा होतोच असे नाही. हरलेल्यांनी पुढच्या रविवारी तोच प्रश्न पुन्हा काढू नये म्हणून आदर्श उपविधींनी सहा महिन्यांची आडकाठी घातली आहे. तेवढा काळ गेल्याशिवाय आधीचा ठराव रद्द करणारा ठराव आणता येत नाही. लोकसभेतही एकदा निकालात निघालेला प्रश्न त्याच अधिवेशनात पुन्हा उकरता येत नाही. संस्थांच्या दृष्टीने सहा महिने म्हणजे ठरावाची अंमलबजावणी सुरू व्हायच्या आतला काळ, त्यामुळे पुष्कळ ठराव अमलात येण्यापूर्वीच रद्द होतात आणि कुणाचेच नुकसान होत नाही.

शेवटी राहते इतिवृत्त. ठराव, सूचक, अनुमोदक आणि निकाल एवढे त्यात यावे; कोण कुणाला काय म्हणाले ते येऊ नये. ज्याला ठराव मान्य नाही त्याने आपला विरोध नावानिशी नोंदवून घ्यायला सांगावे आणि सेक्रेटरीने तो नोंदवावा. हे इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम करतात. त्या वेळी दुरुस्ती सुचवता येते, पण ती नोंदीतल्या चुकीची. झालेला निर्णय तिने बदलत नाही. वर्षभरानंतर स्वतःचे म्हणणे नेमके आठवणारा सभासद विरळा असल्याने इतिवृत्त बहुधा जसेच्या तसे कायम होते. एकदा कायम झाले की सभा तशीच झाली असे कायदा धरून चालतो. ती प्रत्यक्षात कशी झाली, हे विचारण्यासाठी विषयपत्रिकेत जागा नसते.